कुंकू लावलेलं प्रमाणपत्र

खिडकीच्या आतल्या माणसानं आक्काचं प्रमाणपत्र उजेडाकडं धरलं, तिरकं करून पाहिलं, नखानं खरवडायला गेला आणि थांबला.

"हे काय आहे? रक्त?"

"कुंकू," मी म्हणाले.

"कुणी लावलं?"

"आईनं."

रांगेत माझ्या मागं कुणीतरी हसलं. मी वळून बघितलं तसं हसणं थांबलं. आमचं बोलणं कन्नडात चाललं होतं, इथं मी ते मराठीत लिहिते आहे.

जागा बेंगळुरूची, सरकारी कचेरी. परदेशात न्यायची शैक्षणिक प्रमाणपत्रं आधी राज्याच्या शिक्षण खात्याकडून तपासून घ्यावी लागतात. तिथला शिक्का पडला की परराष्ट्र खातं कागदाच्या पाठीवर एक छोटा चौकोनी कागद चिकटवतं. तो चिकटल्याशिवाय आपली डिग्री बाहेरच्या देशात नुसती रद्दी. माझी मोठी बहीण, माझी आक्का, नर्सिंग शिकून बेळगावच्या एका दवाखान्यात काम करत होती. जर्मनीतल्या एका रुग्णालयानं तिला निवडलं होतं. वर्षभर ड्युटीवरून आल्यावर मोबाइलवर ती भाषा शिकली, परीक्षा पास झाली. आता फक्त प्रमाणपत्र प्रमाणित करून पाठवायचं होतं आणि त्याला सहा आठवडे उरले होते. तिला रजा मिळेना म्हणून मी फाइल घेऊन लोंढ्याहून रेल्वेनं आले होते.

"शिक्क्यावरच लावलंय. रजिस्ट्रारची सही पसरलीय," तो म्हणाला. "विद्यापीठातून दुसरी प्रत आणा."

"नाव दिसतंय, नंबर दिसतोय. नंबर तुमच्या संगणकावर तपासा."

"तपासला. बरोबर आहे."

"मग?"

"मॅडम, प्रश्न खऱ्या-खोट्याचा नाही. कागदाचा आहे."

हे वाक्य मला चटका लावून गेलं. मी तिथं मोठ्यानं बोलले. खरं तपासून झाल्यावरही कागदाच्या रंगावर अडवणारी ही कसली तपासणी, असं काहीतरी. तो माणूस वाईट नव्हता. त्यानं ऐकून घेतलं, फाइल नीट बंद करून परत दिली आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

कचेरीच्या पायऱ्यांवर बसून मी ते प्रमाणपत्र पुन्हा पाहिलं. एक गोष्ट कबूल करायला हवी. ते मी त्याआधी दहा वेळा तरी पाहिलं होतं आणि त्यात काही बिघडलंय असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

आमचं गाव जोयडा तालुक्यात, नंदिगड्ड्याच्या पलीकडं, रानात. भात, थोडी कंदमुळं आणि वनखात्याची मजुरी. घरात सरकारी कागद यायचा तो बहुतेक नोटिशीचा. अमुक सर्व्हे नंबरातलं अतिक्रमण हटवा, तमुक तारखेला हजर राहा. आप्पा, म्हणजे माझे वडील, वनहक्काच्या दाव्यांसाठी गावोगाव फिरायचे आणि पत्रकं वाटायचे. गुलाबी, पिवळ्या कागदांवर छापलेल्या त्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली आणि छापील बाजूवर वाचायला शिकले. शाळेतल्या धड्यात "कमल नमन कर" होतं, माझ्या घरात "आमच्या मागण्या" होत्या. तीन पिढ्यांपासून इथं राहताय त्याचा पुरावा आणा, असं ज्यांना सांगितलं जातं त्यांच्या घरात कागदाची किंमत काय असते, हे शहरात खिडकीमागं बसून कळत नाही.

अशा घरात एक दिवस जाड, कोपऱ्यात सोनेरी गोल शिक्का असलेला कागद आला. त्यावर आमच्या घरातल्या मुलीचं नाव छापलेलं होतं आणि कुणालाही कुठूनही हटायला सांगितलेलं नव्हतं. आक्काची खोली बेळगावात चौघींची. मूळ प्रत तिथं नको म्हणून तिनं झेरॉक्स काढून घेतली आणि मूळ कागद घरच्या ट्रंकेत ठेवला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खंडेपूजा असते. नांगर, कोयते, कुऱ्हाड, विळे धुऊन मांडतात, झेंडू वाहतात, हळदकुंकू लावतात. ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं त्या दिवशी मांडायचं. आईनं ट्रंक उघडली, प्रमाणपत्र काढलं आणि कोयत्याशेजारी ठेवलं. बाकीच्या हत्यारांना लावलं तसं त्यालाही ओलं कुंकू लावलं. कुठं लावायचं? गोल शिक्का होता, तो तिला कपाळासारखा वाटला. तिथं मधोमध एक मोठा टिळा आणि खाली ओळीनं पाच बोटं. रात्रीच्या दमट हवेत ते पसरलं आणि सहीपर्यंत गेलं. सकाळी तिनं ते पदरानं टिपलं, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुन्हा ट्रंकेत ठेवलं. आक्काला फोनवर सांगितलं, ती हसली. मी तर तिथंच होते, हात जोडून उभी.

पायऱ्यांच्या बाजूला झेरॉक्सचं दुकान होतं. दुकानदारानं मला बसलेली पाहिलं होतं. हाक मारून त्यानं विचारलं, फाइल पाहिली आणि डोकं हलवलं.

"हे असलं मी पहिल्यांदा बघतोय, सिस्टर. चहा सांडलेला बघितलाय, उंदरानं खाल्लेला बघितलाय, लॅमिनेशन केलेले तर रोज येतात. पूजा केलेला पहिलाच."

"आता काय करायचं?"

"सोपं आहे. हरवलं म्हणून लिहा. पोलिसांची पोच ऑनलाइन मिळते, विद्यापीठ आठ-दहा दिवसांत दुसरी प्रत देतं. खराब झालं म्हणून लिहिलंत तर मूळ कागद जमा करा, कारण द्या, प्रतिज्ञापत्र द्या, ते समितीपुढं जाणार, त्यांना वेळ मिळेल तेव्हा मिळेल. सगळे हरवलंच लिहितात."

त्यानंच अर्ज छापून दिला. मी त्याच्या काउंटरवर टेकून भरला. कारणाच्या रकान्यात "प्रवासात हरवले" असं लिहिलं. माझ्याच हातानं. पत्रकं वाचून मोठी झालेली, पुढं तीच लिहायचं ठरवलेली मी, अर्ध्या तासापूर्वी खऱ्या-खोट्यावरून कचेरीत आवाज चढवलेली. सहा आठवडे डोळ्यांपुढं होते, एवढंच कारण. सही आक्काची हवी होती, म्हणून तिला फोन केला.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "काय लिहिलंस म्हणालीस?"

"हरवलं म्हणून."

"कुठं हरवलं?"

"बसमधी."

"कुठल्या बसमधी?"

मी अर्जाचा कोपरा दुमडत राहिले.

"अगं सांग की. जोयड्याच्या का रामनगरच्या? कंडक्टरला बी साक्षीदार घालूया म्हंते मी."

"आक्का, दिवस न्हाईत आपल्याकडं. सगळेच असं लिहित्यात."

"व्हय, सगळे लिहित्यात." मागं वॉर्डातली घंटा वाजत होती. "आईनं त्या कागदाला देवाजवळ बसवलं, आणि तू त्याला बसमधी सोडून आलीस?"

"मग काय करू?"

"घरी ये. मी रविवारी येते."

अर्ज मी फाडला. दुकानदारानं तुकडे टाकायला डबा पुढं केला आणि म्हणाला, "फाडायचे पैसे नाहीत घेत."

रविवारी आक्का आली तेव्हा आईला सगळं कळलेलं होतं. मी पोचल्याबरोबर सांगितलं होतं आणि तेव्हापासून ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलत होती. आक्काला बघताच तिनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"माझंच चुकलं गं. मला काय कळतंय त्यातलं. हरवलं म्हणूनच सांग तू. माझं नाव कुठं बी घालू नगं."

"का? तू काय चोरी केलीस?"

"चोरी न्हाई, पण लोक हसतील. एवढी शिकलेली पोर आनि तिची आई बघा, सर्टिफिकेटाला कुंकू लावती."

"हसू देत. मला दवाखान्यात रोज हसत्यात. जर्मन बोलाय लागले की सगळा वॉर्ड हसतोय."

"तुझं जाणं ऱ्हायलं तर?"

आक्का उठली, माठातलं पाणी प्याली, परत येऊन बसली. मला तेव्हा कळलं की तीही घाबरलेली आहे.

"ऱ्हायलं तर ऱ्हायलं. पण तिथं जाऊन मी काय करणार हाय? पेशंटला किती वाजता काय दिलं ते लिहिणार. द्यायचं इसरलं तर इसरलं म्हणून लिहायचं, दिलं म्हणून लिहायचं न्हाई. तिथला पयलाच कागद खोटा घालून गेले तर पुढं कसं व्हायचं?"

आप्पा ओसरीवर बसून ऐकत होते. दाव्याचे अर्ज भरताना कुणी चार गुंठे जास्त दाखवू म्हटलं की त्यांचा आवाज सगळ्या वाडीला ऐकू जायचा. एका अर्जात खोटं सापडलं तर ते गावातल्या सगळ्या अर्जांवर येणार, हे त्यांनी आयुष्यभर लोकांना सांगितलं. आता त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"आनि ह्या म्हंत्यात मी पत्रकं लिहिणार."

मी मान खाली घातली. त्या दिवशी घरात मला कुणी पाठीशी घातलं नाही आणि ते बरोबरच होतं.

जोयड्याला तालुका कचेरीच्या समोर एक नोटरी बसतात. त्यांच्या बाहेरच्या टेबलावर टायपिंग करणारा एक वयस्क माणूस असतो, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. कुंकू आईनं लावलं होतं, म्हणून प्रतिज्ञापत्र आईचंच व्हायला हवं, असं आक्काचं म्हणणं. आई ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. टायपिस्टनं हकीकत ऐकली आणि पटापट बोटं चालवायला सुरुवात केली.

"लिहितो बघा. घरात पूजा चालू असताना चुकून प्रमाणपत्रावर कुंकू सांडलं."

"सांडलं न्हाई," आई म्हणाली.

"आं?"

"सांडलं न्हाई. लावलं."

"तेच ते, मावशी. अर्जात असंच लिहित्यात."

"तेच कसं? सांडतंय ते चुकून सांडतंय. मी बोट बुडवून लावलंय. माझ्या हातानं."

टायपिस्टनं चष्मा वर केला. "मावशी, जाणूनबुजून केलं म्हणून लिहिलं तर ते म्हणतील मुद्दाम खराब केलं."

"खराब कुठं केलं? पूजा केली."

मी आईकडं बघतच राहिले. चार दिवसांपूर्वी "माझं नाव कुठं बी घालू नगं" म्हणणारी हीच बाई. काय झालं होतं मला माहीत नाही. बहुतेक "चुकून" हा शब्द तिला लागला. हसतील म्हणून ती लपायला तयार होती, पण आपण मनापासून केलेली गोष्ट कुणीतरी धांदरटपणा म्हणून लिहून टाकावी हे तिला सोसेना.

आवाज ऐकून नोटरी बाहेर आले. त्यांनी कागद हातात घेतला, आईला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "बरं, तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल तसं लिहू."

आईनं सांगितलं. त्यांनी ते कन्नडात आणि इंग्रजीत करून घेतलं, मग तिला मराठीत वाचून दाखवलं. ते मला पाठ आहे. "माझी मुलगी आमच्या घरातली पहिली डिग्री घेणारी. आमच्याकडं खंडेपूजेला ज्या वस्तूवर घर चालतं तिला कुंकू लावतात. म्हणून मी माझ्या हातानं प्रमाणपत्राला कुंकू लावलं. कागद त्यामुळं सरकारी कामाला चालत नाही हे मला माहीत नव्हतं. मुलीचा यात दोष नाही."

"बरोबर हाय?" त्यांनी विचारलं.

"बरोबर हाय. शेवटचं आधी घाला."

आक्कानं दोन प्रती करायला सांगितल्या, एक विद्यापीठाला आणि एक आपल्याकडं. आईनं दोन्हींवर सही केली. सही ती आप्पांच्या सभांच्या हजेरीपटावर शिकली होती. मोठी, सुटी अक्षरं, एकेक थांबून. टायपिस्ट शाईचा पॅड पुढं करून बसला होता, तो त्यानं गुपचूप बाजूला सरकवला.

विद्यापीठात आम्ही तिघी गेलो. नोटरी आणि विद्यापीठ मिळून आक्कानं कशीबशी दोन दिवसांची रजा काढली होती. आई म्हणाली, मीबी येणार, त्यांनी काय विचारलं तर तुम्ही दोघी भलतंच सांगाल. परीक्षा विभागात एक बाई होत्या, केस पांढरे, टेबलावर फाइलींचा डोंगर. त्यांनी प्रतिज्ञापत्र वाचलं. मग प्रमाणपत्र काढून बराच वेळ पाहिलं. मी मनात सगळी उत्तरं तयार ठेवली होती, परंपरा, हक्क, सन्मान, सगळं. त्यांनी ती मला वापरूच दिली नाहीत.

"ह्या तुमच्या आई?"

"हो."

"मागच्या वर्षी माझ्या मुलानं लॅपटॉप घेतला," त्या कन्नडात आईला म्हणाल्या. "आयुधपूजेला मी त्याला कुंकू लावलं. ते आत गेलं, बंदच पडला. त्यानं आठ दिवस माझ्याशी बोलणं सोडलं."

आईला कन्नड चांगलं येतं. "मग चालू झाला का?"

"दुकानात नेऊन."

"आमचंबी दुकानातच आलंय म्हणायचं," आई म्हणाली. आजूबाजूची दोन टेबलंही हसली.

हसणं झालं, पण नियम नियमच होता. मूळ कागद जमा करावा लागला. बाईंनी त्यावर आडवा "रद्द" असा शिक्का मारला. त्या आवाजानं आई दचकली. तिनं विचारलं, आता हे कुठं ठेवणार? फाइलीत, बाई म्हणाल्या, इथंच राहील. समितीची बैठक कधी ते त्यांना सांगता येईना. "खरं लिहिलंत त्याला वेळ लागतो," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता, माहिती होती. पण मला अजून राग येतो. खोट्याला आठ दिवस आणि खऱ्याला बैठक, ही व्यवस्था कुणी ठरवली आणि कुणाच्या सोयीसाठी, हे मी विचारत राहणार.

बैठक लांबली. आक्कानं जर्मनीतल्या रुग्णालयाला मोडक्यातोडक्या पण स्वतःच्या जर्मन भाषेत कळवलं की कागद उशिरा येईल, आणि का ते लिहिलं. तिकडून उत्तर आलं की पहिल्या तुकडीत आता जागा देता येणार नाही, पुढच्या तुकडीत नाव ठेवतो, मात्र खात्री देत नाही. तिच्याबरोबर भाषा शिकलेल्या दोघी मैत्रिणी विमानात बसल्याचे फोटो आले. आक्कानं दोघींना शुभेच्छा पाठवल्या आणि ड्युटीला गेली. त्या आठवड्यात आईनं तिला रोज फोन केला. फोनला रेंज यायला घरामागच्या टेकाडावर चढावं लागतं. ती रोज चढली आणि रोज फक्त जेवलीस का एवढंच विचारून उतरली.

शेवटी दुसरी प्रत आली. तिच्या माथ्यावर "ड्युप्लिकेट" असं छापलेलं होतं. त्यावर तिकडचे शंका घेतील, असं आक्काला कुणीतरी सांगितलं. ती म्हणाली, मग शंकेचं उत्तरही सोबत पाठवू. म्हणून प्रमाणपत्राबरोबर आईचं प्रतिज्ञापत्रही प्रमाणित करायला दिलं. त्याची वाट वेगळी, गृहखात्याचा शिक्का आणि मग परराष्ट्र खातं. मी पुन्हा लोंढ्याहून रेल्वेत बसले. त्याच खिडकीत तोच माणूस होता. त्यानं नवी प्रत घेतली, पुढं-मागं पाहिली, मान डोलावली. मला ओळखलं की नाही ठाऊक नाही.

दोन्ही कागद परत आले त्या दिवशी मी ते घरी ओसरीवर आईपुढं ठेवले. डिग्रीच्या पाठीवर तो चौकोनी कागद होता, नंबर आणि सहीसकट. आईनं तो पाहिला. मग मी दुसरा उलटा केला.

"हे कुणाचं?"

"तुझं. तू लिहून दिलेलं."

"त्यालाबी लावलंय?"

"लावलंय. आता हे कुठल्याबी देशात चालतंय."

तिनं हात लुगड्याला पुसले, पण कागदाला लावले नाहीत. आप्पांनी चष्मा आणून दोन्ही पाठी वाचल्या, नंबरसकट मोठ्यानं, जसे ते सभेत ठराव वाचतात. वनहक्काच्या दाव्याला त्यांनी आजवर जोडलेल्या शेकडो कागदांत आईच्या शब्दाला कुणी पुरावा मानलं नव्हतं. तिची साक्ष तोंडी आहे, असं म्हणून बाजूला ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे. आणि आता सरकारनं लिहून दिलं होतं की ही सही हिची आहे आणि ती ग्राह्य धरली जावी. मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता. कचेरीचा नाही. तिच्या एका शब्दाचा, जो तिनं टायपिस्टला बदलू दिला नाही, आणि आक्काचा, जिनं विमान जाऊ दिलं.

कागद गेले. तिथं त्यांचं जर्मनमध्ये भाषांतर झालं. पुढचे दोन महिने काहीच कळलं नाही. त्या दिवसांत आम्ही फोन टेकाडावर रेंजमध्येच ठेवून यायचो. मग एका दुपारी आम्ही खळ्यात असताना टेकाडावरून शेजारची काकू ओरडली, तुमचा फोन वाजतोय गं, आक्काचा हाय. आईनं हातातलं टाकलं आणि ती चढायला लागली. मी तिच्या मागं धावले. वर पोचेपर्यंत फोन कटला होता, मग पुन्हा आला. मी स्पीकर लावला.

"घेतलं गं," आक्का म्हणाली. "पुढच्या तुकडीत नाव आलंय. कागद सगळे मान्य झाले."

"काय विचारलं त्यांनी?" मी विचारलं.

"काही न्हाई. आईचं वाचलं म्हणाले आनि पुढचा कागद घेतला."

आईनं माझ्या हातातून फोन घेतला. तिला धाप लागली होती.

"तिकडं ड्युटी किती वाजता सुरू व्हती?"

"सकाळी सहाला, आई."

"मग आत्तापासून लवकर निजत जा," आई म्हणाली.